पाचव्या क्वार्टरचा निरोप: माइक लेक्रोन यांच्या निवृत्तीचं प्रकरण

24 नोव्हेंबर 2018. अमेरिकेतल्या मॅडिसन शहरातलं कॅम्प रँडल स्टेडियम. विस्कॉन्सिन विद्यापीठाचा हंगामातला घरचा शेवटचा फुटबॉल सामना आणि समोर शेजारच्या राज्यातला मिनेसोटाचा संघ. या दोघांतल्या सामन्यात जो जिंकेल तो एक भलीमोठी कुऱ्हाड घेऊन घरी जातो, आणि सलग चौदा वर्षं ती मॅडिसनहून हलली नव्हती. त्या दिवशी हलली. निकाल लागला 37–15, मिनेसोटाच्या बाजूने.

विद्यापीठाच्या मार्चिंग बँडचे संचालक माइक लेक्रोन यांचा हा पन्नासावा आणि अखेरचा हंगाम होता. म्हणजे निरोपाच्या हंगामातल्या घरच्या शेवटच्या सामन्यात यजमानांनी सडकून मार खाल्ला. समारंभ आखणाऱ्या कुणाच्याही पोटात गोळा यावा असाच हा योग. पण या बँडला हरलेल्या सामन्यानंतर काय करायचं हे पन्नास वर्षांपासून पाठ होतं. अमेरिकन फुटबॉलचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार क्वार्टरचा असतो. इथला बँड सामना संपल्यावर मैदानात उतरून नाचत-वाजवत आणखी एक डाव खेळतो. त्याला 'पाचवा क्वार्टर' म्हणतात आणि त्याचा निकालाशी काडीचाही संबंध नसतो. किंबहुना संघ सतत हरत होता म्हणूनच ही प्रथा रुजली.

या प्रकरणात शिकण्यासारखी मुख्य गोष्ट हीच. लेक्रोन यांच्या निरोपाचा भार एखाद्या नव्या, वेगळ्या सोहळ्यावर पडला नाही. त्यांनीच अर्ध्या शतकात रुजवलेल्या कार्यक्रमांनी तो उचलला. ते कसं जमलं, असं काही बसवताना कुठे कुठे पाय घसरतो आणि या प्रकरणाची दुबळी बाजू कोणती, ते पुढे क्रमाने पाहू.

माणूस आणि काम

लेक्रोन यांचा जन्म 1936 चा, इंडियाना राज्यातला. तिथल्याच बटलर विद्यापीठातून ते 1969 मध्ये मॅडिसनला आले. त्यांच्याआधी रे ड्वोराक यांनी 1934 ते 1968 अशी चौतीस वर्षं इथल्या बँडचं काम पाहिलं होतं. रेल्वे अपघातात एक हात गमावल्यावरही ड्वोराक उरलेल्या हाताने बँड चालवत राहिले. विद्यापीठगीताच्या शेवटी सगळं स्टेडियम हात हलवतं, ती लकब त्यांच्याच काळातली. 1885 मध्ये सुरू झालेल्या या बँडच्या इतिहासात 1934 ते 2019 या पंचाऐंशी वर्षांवर मुख्यतः दोनच नावं आहेत. 'वारसदार कोण' हा प्रश्न इथे किती जड होता ते यावरून कळावं.

लेक्रोन आले तो काळ वाईट होता. व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या निदर्शनांनी विद्यापीठ पेटलेलं. फुटबॉल संघ सलग 23 सामने एकही विजय न मिळवता खेळलेला. ती साडेसाती ऑक्टोबर 1969 मध्ये आयोवाविरुद्ध 23–17 अशी सुटली. गणवेश घालून कवायत करत वाजवणं ही त्या पिढीच्या मुलांना सरकारी वाटणारी गोष्ट होती. अशा वेळी बँडमास्तर दोनच गोष्टी करू शकतो: काम इतकं कठीण करायचं की ते जमल्याचा अभिमान वाटावा, आणि ते करताना मजा इतकी येऊ द्यायची की पोरं पुन्हा येतील. लेक्रोन यांनी दोन्ही केल्या.

कठीण भाग म्हणजे त्यांची चाल. तिला 'स्टॉप अ‍ॅट द टॉप' म्हणतात. गुडघा इतका वर उचलायचा की मांडी जमिनीला समांतर व्हावी, पायाचा चवडा खाली रोखलेला, आणि वर पोचल्यावर पाय क्षणभर थिजवायचा. मग झटक्यात खाली. हे धावत्या तालात, वाद्य तोंडाला लावून, आठ पावलांत बरोबर पाच यार्ड कापत करायचं. पाच यार्ड म्हणजे 180 इंच, तेव्हा एक पाऊल साडेबावीस इंचांचं. वर थांबण्याच्या त्या क्षणात पोटाचे स्नायू आवळले जातात आणि नेमका तेव्हाच लांब सूर धरायला श्वास लागतो. नव्या मुलांची सगळ्यात जास्त दमछाक इथे होते. पाय जमला की सूर हलतो, सूर सांभाळला की पाय अर्ध्यावरूनच परत येतो. दोन्ही एकत्र जमायला आठवडे जातात. 'ईट अ रॉक' ही बँडची जुनी घोषणा, शब्दशः 'दगड खा'. ती याच घामातली.

मजेचा भाग म्हणजे पाचवा क्वार्टर. पोल्काच्या उडत्या नाचधुना, नाच, टोप्या, लोळणं, सगळं. बिअरच्या एका जाहिरातीची धून यात आली ती आधी आइस हॉकीच्या प्रेक्षकांनी उचलून धरली म्हणून. पुढे फुटबॉलमध्ये ती वाजली की वरच्या मजल्यावरचे लोक असे काही उड्या मारत की सज्जा हलू लागे. शेवटी ती धून सामना चालू असताना न वाजवता संपल्यावर वाजवायची, आणि ज्यांना भीती वाटते त्यांना आधी खाली उतरायला वेळ द्यायचा, असं ठरलं.

तिसरी गोष्ट वसंतातल्या मैफलीची. 1975 मध्ये संगीत विभागाच्या छोट्या सभागृहात ती सुरू झाली, मग जुन्या फील्ड हाउसमध्ये गेली आणि अखेर कोल सेंटर या सुमारे 17 हजार आसनांच्या बंदिस्त क्रीडागृहात. तीन तीन रात्री तिकीट काढून लोक येत. चमचमत्या टिकल्यांचं जाकीट घालून, तारेला लटकून प्रेक्षकांच्या डोक्यावरून उडत येणारा पांढऱ्या केसांचा प्राध्यापक हे तिथलं ठरलेलं दृश्य.

आठ महिन्यांची मुदत

ऑगस्ट 2018 मध्ये, हंगाम सुरू होण्याआधी, लेक्रोन यांनी जाहीर केलं की हे शैक्षणिक वर्ष शेवटचं. तेव्हा वय 82. जानेवारी 2017 मध्ये हृदयाची बायपास शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे बातमी अगदी अनपेक्षित नव्हती. घोषणेची वेळ मात्र अचूक होती.

तीच घोषणा डिसेंबरात झाली असती तर फुटबॉल हंगाम हातचा गेला असता. एप्रिलमध्ये झाली असती तर मैफलीची तिकिटं आधीच विकली गेलेली असती आणि दूरदूरच्या माजी विद्यार्थ्यांना विमानाचं आरक्षणही जमलं नसतं. ऑगस्टमुळे निरोप घेणाऱ्या प्रत्येक गटाला आपापली जागा मिळाली. सुमारे 80 हजारांच्या स्टेडियमला शरद ऋतूतले सामने, हॉकी-बास्केटबॉलच्या प्रेक्षकांना हिवाळा, आणि ज्यांना खरंच बसून ऐकायचं होतं त्यांना एप्रिल. आपल्याकडच्या सेवापूर्ती समारंभात सगळे गट एका दुपारी, एका मांडवात कोंबले जातात. मग शिपायापासून कुलगुरूंपर्यंत प्रत्येकाला 'दोन शब्द' हवे असतात आणि सत्कारमूर्ती सव्वातीन तास हार सांभाळत बसतो.

लांब मुदतीचा एक तोटाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आठ महिने प्रत्येक गोष्ट 'शेवटची' होते: शेवटचं संचलन, शेवटचा बसप्रवास, शेवटची सोमवारची तालीम. पहिल्या चार 'शेवटच्यां'ना डोळे पाणावतात, दहाव्याला लोक घड्याळ बघतात. शिवाय बँडमधली पहिल्या वर्षाची मुलं नुकतीच आलेली असतात. त्यांचं पहिलं वर्ष दुसऱ्याच्या शेवटच्या वर्षाखाली झाकलं जातं. यावर उपाय एकच: हंगामाच्या आधीच बसून निरोपाचे अधिकृत प्रसंग मोजून तीन-चार ठरवायचे, लिहून काढायचे आणि बाकी सगळ्या दिवशी नेहमीसारखं काम करायचं.

आणखी एक. निरोपाचा प्रसंग निकालावर अवलंबून असलेल्या तारखेला बांधायचा नाही. हंगामानंतरचा 'बोल' सामना मिळेल की नाही, मिळाला तर कुठे, हे डिसेंबरपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. त्या वर्षी विस्कॉन्सिनला न्यूयॉर्कमधला सामना मिळाला आणि 27 डिसेंबरला त्यांनी मायामीला 35–3 असं लोळवलं. छान झालं, पण त्यावर कुणी कार्यक्रम आखला असता तर तो जुगारच होता.

मैदानावर माजी विद्यार्थी

असा निरोप म्हटला की पहिली मागणी येते, ती माजी विद्यार्थ्यांना मैदानात उतरवण्याची. आकड्यांपासून सुरुवात करू. बँड साधारण तीनशेचा. एक मूल सरासरी तीन वर्षं राहतं असं धरलं तर दर वर्षी शंभर नवे. पन्नास वर्षांचे पाच हजार. सुरुवातीच्या वर्षांत बँड लहान होता म्हणून हजारभर वजा करा, तरी चार हजारांच्या आसपास माणसं. त्यांतले दहा टक्के आले तरी चारशे, म्हणजे मूळ बँडपेक्षा मोठा दुसरा बँड. वयं 22 ते 70.

मैदान 100 यार्ड लांब आणि 160 फूट रुंद. कॉलेजच्या मैदानावर कडेच्या रेषेपासून 60 फुटांवर खुणांची पहिली ओळ असते. साडेबावीस इंचांच्या पावलाने ती बरोबर 32 पावलांवर येते, आणि संचलनाचा सगळा आराखडा या मापावर कागदावर बसतो. तीनशे मुलं एकमेकांपासून चार पावलांवर, म्हणजे अडीच यार्डांवर, वीस गुणिले पंधरा अशा चौकोनात उभी केली तर साडेसत्तेचाळीस गुणिले पस्तीस यार्ड जागा जाते. अर्धं मैदान भरलं. उरलेल्या जागेत चारशे माजी विद्यार्थी बसवायचे तर अंतर दोन पावलांवर आणावं लागतं, म्हणजे सव्वा यार्ड. इतक्या दाटीत ट्रॉम्बोनची सरकनळी पूर्ण बाहेर आली की पुढच्याच्या मणक्याला लागते. म्हणून ट्रॉम्बोन सगळ्यात पुढच्या रांगेत. सूसाफोन म्हणजे अंगाभोवती वेटोळं घालणारं अवजड पितळी वाद्य. ते वाजवणाऱ्यांना वळायला जागा हवी, म्हणून ते मागच्या रांगेत आणि एकाआड एक मोकळी जागा सोडून.

माजी विद्यार्थ्यांना चालवायचं की उभं ठेवायचं? उभं ठेवायचं. यावर दरवेळी वाद होतो आणि दरवेळी कुणीतरी पन्नाशीतला गृहस्थ 'अहो, पायाला अजून आठवतंय' म्हणतो. पायाला आठवतं हे खरं, पण ते पोटरीच्या स्नायूला आणि टाचेच्या वरच्या शिरेला माहीत नसतं. ती मांडी समांतर उचलून वर थांबायची चाल वीस वर्षांच्या खंडानंतर, गार हवेत, शरीर न तापवता केली की तिसऱ्या-चौथ्या पावलाला काहीतरी तटकन तुटतं. तेव्हा चाल हवीच असेल तर प्रवेशापुरती साधी चाल, आणि ती खास पावलं जागच्या जागी फक्त आठ. हृदय बंद पडल्यास झटका देणारं यंत्र आणि ते वापरता येणारा माणूस मैदानाच्या कडेला हजर हवा. ही औपचारिकता समजू नये.

आता आवाजाचं गणित. हौशी आयोजकांचा सगळा डाव इथेच फसतो. आवाज सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. मैदानाची रुंदी जवळपास 49 मीटर. म्हणजे मागच्या कडेचा ढोल पुढच्या कडेला 0.14 सेकंद उशिरा ऐकू येतो. ताल मिनिटाला 160 ठोक्यांचा असेल तर एक ठोका 0.375 सेकंदांचा, उशीर ठोक्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. दोन्ही टोकांच्या गोलरेषांमधलं, म्हणजे सुमारे 91 मीटरचं अंतर धरलं तर उशीर 0.27 सेकंदांवर जातो आणि दोन बँड चक्क वेगवेगळी गाणी वाजवतायत असं वाटतं. नेहमीच्या बँडला शिकवलेलं असतं की कानावर नव्हे, ड्रम मेजरच्या, म्हणजे समोर उभं राहून ताल दाखवणाऱ्याच्या, हातावर वाजवायचं. माजी विद्यार्थी उत्साहाच्या भरात कानावर जातात. म्हणून ढोल-ड्रमचा गट एकच, मधोमध आणि मागे. माजी वादकांचे ड्रम वेगळे वाजवायचे नाहीत. ड्रम मेजर निदान तीन, उंच चौथऱ्यांवर, आणि बाजूच्या दोघांनी मधल्याकडे बघत हात चालवायचा, ऐकून नाही.

स्वरलिपीचाही एक सापळा आहे. पन्नास वर्षांत तीच धून चार-पाच वेळा नव्याने लिहिली गेलेली असते. जुन्या पिढीच्या बोटांत जुनी रचना पक्की बसलेली, नव्यांच्या बोटांत नवी. दोघेही पाठ वाजवतात, कागदाकडे कुणी बघत नाही, आणि शेवटच्या आठ मात्रांत कल्लोळ होतो. उपाय: फक्त तीन धुना निवडायच्या, सहा आठवडे आधी प्रत्येकाला त्याच्या वाद्याचा कागद पाठवायचा आणि जिथे रचना बदलली आहे त्या ओळी रंगवून द्यायच्या. ट्रंपेटचे वरचे सूर सरळ एक सप्तक खाली उतरवायचे. बंद पडलेला ओठ सहा आठवडे रोज दहा मिनिटं वाजवून थोडा तरी परत येतो. एका दिवसात चार तास वाजवून मात्र सुजतो, आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे नेमका कार्यक्रमाच्या दिवशी, त्यातून फक्त हवा निघते.

वाद्यांची यादी वेगळी करावी लागते. ट्रंपेट, क्लॅरिनेट लोकांच्या घरी माळ्यावर असतात. सूसाफोन कुणाच्याच घरी नसतो. नोंदणीच्या अर्जात 'वाद्य कोणतं' याच्याखालीच 'स्वतःचं आणणार का' हा प्रश्न नसला तर आदल्या संध्याकाळी पंधरा माणसं रिकाम्या हातांनी उभी राहतात. माळ्यावरून आलेल्या वाद्यांच्या झडपा चिकटलेल्या, सरकनळ्या गंजलेल्या. तेलाच्या बाटल्या, बुचाचं वंगण, क्लॅरिनेटच्या रीडची दोन-तीन खोकी आणि एक दुरुस्तीवाला माणूस, एवढं तालमीच्या दाराशीच टेबल मांडून ठेवलं की अर्धी कटकट मिटते.

आणि मॅडिसनची थंडी. नोव्हेंबरात पारा शून्याच्या आसपास घुटमळतो. हवा एक अंश सेल्सिअसने गार झाली की पितळी वाद्याचा सूर साधारण तीन सेंटने उतरतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. वीस अंशांचा फरक पडला तर हिशेबाने साठ सेंट, अर्ध्या सुराच्या निम्म्याहून जास्त. तोंडाच्या उबेने तो थोडा भरून निघतो, पण वाजवणं चालू असेल तरच. भाषण चार मिनिटं लांबलं की बँड गारठून बेसूर होतो. त्यामुळे भाषण आधी, वादन नंतर, हा क्रम मैदानावर चुकीचा. आधी वाजवा, मग बोला, मग पुन्हा वाजवायचं नाही. माउथपीस खिशात ठेवायचं. लाकडी क्लॅरिनेट घरीच. थंडीत ती उभी चिरते.

कॉलेज फुटबॉलचं मध्यंतर 20 मिनिटांचं. त्यात खेळाडूंचं येणं-जाणं आणि कधी पाहुण्या विद्यापीठाचा बँडही असतो. यजमान बँडच्या हाती सात-आठ मिनिटं पडली तरी खूप. सन्मानासाठी त्यातला दीड मिनिट बाजूला काढायचा, त्याहून एक सेकंद जास्त नाही. स्टेडियमच्या भोंग्यांवरचं भाषण घुमून परत येतं, तिसरं वाक्य पहिल्याच्या प्रतिध्वनीवर आदळतं. लोकांना कळतं ते फक्त नाव आणि आकडा: अमुक अमुक, पन्नास वर्षं. तेवढं पुरतं. शाल-श्रीफळ-मानपत्राचं काम रात्रीच्या जेवणाला करावं.

तीन रात्री

एप्रिल 2019 ची मैफल हाच खरा निरोप होता. पहिली 1975 ची, म्हणजे ही पंचेचाळिसावी. मैदानावरचे सगळे प्रश्न छताखाली उलटे होतात. तिथे आवाज पसरून हरवतो. इथे तो भिंतींना आपटून रेंगाळतो. बास्केटबॉल आणि हॉकीसाठी बांधलेल्या घुमटाखाली तीनशे वादक जोरात वाजवू लागले की झपाट्याच्या धुना एकमेकींत कालवल्या जातात. ड्रमचा आवाज आवरावा लागतो, सूर तोडून तोडून वाजवावे लागतात आणि प्रत्येक शेवटच्या ठोक्यानंतर हात खाली आणायच्या आधी दोन सेकंद थांबावं लागतं. नाहीतर पुढच्या धूनेचा पहिला सूर मागच्या घुमण्यात बुडतो.

तारेवरून उडण्याचं तंत्र नाटकवाल्यांचंच. कपड्याखाली पट्ट्यांचा साज, कमरेच्या दोन्ही बाजूंना स्वतंत्र तार, वर छताच्या तुळईवर चाक, आणि उंची व आडवी सरक यांसाठी दोन वेगळे चालक. प्रत्येक प्रयोगाच्या दिवशी वजन पुन्हा घ्यायचं, वाळूच्या पोत्यांनी उड्डाण करून बघायचं, उड्डाणाच्या रेषेखाली कुणाला उभं करायचं नाही. खिशात काही नको. वरून पडलेली साधी शिट्टीसुद्धा डोकं फोडते. टिकल्यांचं जाकीट साजाच्या पट्ट्यांत अडकतं, म्हणून ते पट्ट्यांच्या जागी कापून आतून अस्तर लावतात. ज्यांना हा सगळा थिल्लरपणा वाटतो त्यांनी एवढं ध्यानात घ्यावं: तो माणूस उडत येतो तेव्हा वरच्या शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही त्याचा चेहरा दिसतो. सतरा हजारांच्या जागेत व्यासपीठावरून ते साधत नाही.

तीन रात्री एकच कार्यक्रम असला की शेवटच्या रात्रीचं तिकीट सगळ्यांना हवं असतं आणि सगळ्या भावनाही तिसऱ्या रात्रीसाठी राखून ठेवल्या जातात. कलावंत असं साठवून ठेवू लागले की पहिल्या रात्री वादन कोरडं होतं आणि तिसऱ्या रात्री रडून ओठ थरथरतात. रडत रडत पितळी वाद्य वाजत नाही, हे शरीरशास्त्र आहे: घसा आवळतो, श्वास तुटक होतो, ओठांची पकड सुटते. म्हणून निरोपाचे शब्द, अंतिम वर्षाच्या मुलांचा मान, माजी विद्यार्थ्यांचा उल्लेख हे तीन रात्रींत वाटून टाकावं. आणि सगळ्यात हळवी धून शेवटची ठेवू नये. शेवटून दुसरी ठेवावी, मागोमाग लगेच पोल्का. या बँडला ते शिकवायची गरजच नव्हती. पाचवा क्वार्टर म्हणजे दुसरं काय?

प्रश्न एक राहतोच: जो माणूस दर कार्यक्रमाची रचना, स्वरलेखन आणि आराखडा बहुतांशी स्वतः करत आला, त्याच्या निरोपाचा कार्यक्रम कोण बसवणार? त्याच्यावर सोडला तर तो स्वतःचं नाव गाळतो. त्याच्या पाठीमागे गुपचूप केला तर तालमीचं वेळापत्रक त्याच्याच हातात असतं, चार दिवसांत कळतं. मधला मार्ग बरा. कार्यक्रम त्याचा, त्यातली दहा मिनिटं सहायकांची. ती दहा मिनिटं कधी आहेत हे त्याला माहीत असतं, त्यात काय आहे ते माहीत नसतं. तालीम वेगळ्या जागी, गटागटाने, आणि एकत्र फक्त एकदा.

गौरवात काय लिहायचं

स्मरणिकेत सोनेरी अक्षरंच हवीत असं नाही. सत्तरच्या दशकाच्या मध्यात मुलींना बँडमध्ये प्रवेश मिळाला. तो बदल लेक्रोन यांच्या कारकिर्दीतला आणि तो ठळक लिहावा. 2008 मध्ये नव्या मुलांच्या छळाच्या तक्रारी आल्या आणि 4 ऑक्टोबरला ओहायो स्टेटविरुद्धचा घरचा सामना बँडशिवाय झाला. संपूर्ण बँड थांबवण्याचा तो निर्णय लेक्रोन यांचाच. हेही लिहावं. गौरवग्रंथातून असं पान गाळलं की माजी विद्यार्थी उरलेली पानंही संशयाने वाचतात. त्यांतले काही त्या रात्री गणवेशाविना घरी बसलेले असतात.

किल्ल्या कुणाकडे

सोहळा चांगला झाला. हस्तांतरणाच्या बाजूने बघितलं तर मात्र अशी कारकीर्द संस्थेला अडचणीतच टाकते. पन्नास वर्षं एकाच माणसाने धुना लिहिल्या, चाल शिकवली, शिट्टीच्या खुणा ठरवल्या. यातलं कागदावर किती असतं? धुनांचे कागद कपाटात सापडतात. पण कोणत्या शिट्टीला रांग वळते, पाचव्या क्वार्टरमधला क्रम प्रेक्षकांचा अंदाज घेऊन कसा बदलायचा, पावसात कोणती धून गाळायची, हे सगळं एका डोक्यात असतं.

हे डोक्यातून उतरवून घ्यायला आठ महिने पुरतात, पण काम पहिल्याच महिन्यात सुरू केलं तर. प्रत्येक तालमीचं चित्रीकरण करायचं, दोन कॅमेऱ्यांनी: एक उंचावरून मैदानाचा, दुसरा फक्त संचालकावर. दुसरा बहुतेक जण विसरतात आणि तोच महत्त्वाचा, कारण खुणा त्याच्यात असतात. दर आठवड्याला तास-दीड तास बसून चित्रफीत थांबवत विचारायचं, 'सर, इथे हात का वर केलात?' हाताने लिहिलेल्या आराखड्यांची छायाप्रत काढताना वर्ष, सामना आणि कोणत्या वाद्याच्या किती जागा होत्या हे मागे लिहायचं. नाहीतर दहा वर्षांनी ते ठिपक्यांची रांगोळी एवढंच उरतं.

वारसदाराची ओळख सोहळ्यात करून द्यावी का? नाही. निवड झाली असली तरी त्याला त्या गर्दीत उभं करू नये. टाळ्या दुसऱ्यासाठी असतात आणि तुलना मात्र त्याच्याशी सुरू होते. मॅडिसनला 2019 च्या शरद हंगामापासून नेवाडा विद्यापीठातून आलेल्या कोरी पॉम्पे यांनी बँड हाती घेतला. त्यांच्या वाट्याला पहिलीच वसंत मैफल यायची ती एप्रिल 2020 ची, आणि करोनामुळे ती रद्द झाली. पंचेचाळीस वर्षं न चुकलेला कार्यक्रम नव्या माणसाच्या पहिल्याच वर्षी बंद राहिला.

पुढे स्टेडियम पुन्हा भरलं. सामना संपला की बँड आजही खाली उतरतो, वरच्या मजल्यावरचे काही लोक आधी जिना गाठतात, आणि पोल्का सुरू होते. जिंकले असतील तर टोप्या उलट्या घालून, हरले असतील तर सुलट्या.